आधी कळते त्याचे ऋण



मजूर व धनी यांनी एकमेकांशी कसे वागावे याविषयी आपल्या मंडळ्यांत उपदेश पुष्कळ होतात. मजुराने कामात कसूर करू नये, धन्याने मजुरी अडवू नये, आणि दोघांनीही स्वर्गात आपला एकच धनी आहे हे विसरू नये. हे सर्व खरे आहे व कितीही वेळा सांगितले तरी थोडेच. परंतु हा उपदेश बहुधा काम जसे काल होते तसेच उद्या राहील असे धरून केलेला असतो. कामच बदलू लागले, कालपर्यंत दहा माणसे करीत ते आज एक यंत्र करू लागले, किंवा कायमच्या नोकरीच्या जागी ठेकेदाराची सहा महिन्यांची हजेरी आली, तर त्या वेळी कोण कोणाचे काय देणे लागतो, हा प्रश्न वेगळा आहे. नसरापूरच्या आसपास तो आज घरोघर उभा आहे. त्याविषयी लिहिण्यास मला एक कारण घडले. ते कारण माझ्या पांढऱ्या केसांस शोभणारे नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

दोन वर्षांमागे आमच्या दोन खाचरांची आवणी यंत्राने करावी असे मी ठरविले. यंत्राने लावायची रोपे नेहमीच्या वाफ्यावर करून चालत नाही. माती चाळून ती ट्रेमध्ये भरावी लागते, त्यावर मोड आलेले बी दाट पेरावे लागते, आणि रोपांची चटई तयार होण्यास पंधरा ते वीस दिवस जातात. म्हणजे यंत्र येणार हे मला जवळजवळ तीन आठवडे अगोदर ठाऊक होते. ट्रे घरामागे ओळीने मांडलेले होते आणि रोज सकाळी मीच त्यांस पाणी घालीत होतो. तरीही वर्षानुवर्षे आमच्याकडे आवणीस येणाऱ्या सात बायकांस मी त्याविषयी एक शब्द कळविला नाही. मुद्दाम लपविले असे नव्हे. कळवावे हे मनातच आले नाही. निदान तेव्हा मी स्वतःस असे सांगितले. यंत्र चिखलात रुतले तर बायका हाताशी असाव्यात, असा एक हिशेब मनाच्या तळाशी होता, हे कबूल करण्यास मला पुढे पुष्कळ दिवस लागले.

ठरल्या दिवशी सकाळी त्या सातजणी डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेऊन भर पावसात बांधावर आल्या. यंत्राने तोवर अर्धे खाचर लावून टाकले होते. त्या बराच वेळ उभ्या राहून पाहत होत्या. मग त्यांतील वयाने वडील असलेली बाई म्हणाली, "मास्तर, मशीन आनलं ते बरं क्येलं. तुमचा बी खर्च वाचंल. पर चार दिस आदी बोलला असता, तर आमी विंझरकडं आवनीला गेलो असतो. आता तिकडच्या टोळ्या भरल्या."

ती रागावली असती तर मला उत्तर सुचले असते. तिने राग केला नाही, आणि मजजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री मी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून वाचला. अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी तेथे जे कठोर शब्द आहेत ते मला लागू पडत नाहीत, असे पाहून मला प्रथम बरे वाटले. मी कोणाची मजुरी अडविली नव्हती. ज्या कामाची मजुरी द्यायची ते काम त्यांनी केलेच नव्हते. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराचे वेतन रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये अशी आज्ञा आहे, तीही मी मोडली नव्हती. नियम एकही मोडला नाही आणि तरी सात घरांची चार दिवसांची भाकर माझ्यामुळे बुडाली. तर मग मोडले काय? याचा विचार करता करता मी ज्या निर्णयास आलो तो असा: कामात बदल होणार हे ज्याला आधी कळते, त्याच्यावर ते आधी सांगण्याचे ऋण असते, आणि हे ऋण मजुरीइतकेच खरे आहे.

आता थोडे मागे जाऊन पाहू. आपला हा मुलूख १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. १८९३ मध्ये चार्ल्स रीव्ह यांनी सुरू केलेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचे ठाणे याच नसरापुरात होते. त्या मिशनरींनी येथे जे गावगाडे पाहिले ते बलुत्यावर चालत. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग यांस रोजची मजुरी नसे. वर्षभर गावाचे काम करावे व सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा न्यावा. या पद्धतीत एक गुण होता, तो आपण प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. एखाद्या सकाळी कुणबी सुताराच्या दारी जाऊन, उद्यापासून तू येऊ नकोस, असे सहसा म्हणू शकत नसे. पीक बुडाले तर सर्वांचाच वाटा कमी होई, पण वाटेकरी कोण याविषयी संशय नसे.

परंतु या गुणाची किंमत कोणी दिली? ज्याला गाव काढू शकत नव्हते, त्याला गाव सोडताही येत नव्हते. महारवतन असलेल्या घरातील मुलगा जन्मतःच गावाचा चाकर होता. रात्री-अपरात्री सरकारी निरोप पोहोचविणे, वेशीवर पहारा देणे, मेलेली ढोरे ओढणे, हे त्याने निवडलेले नव्हते, आणि नको म्हणण्याची त्याला सोय नव्हती. ज्या घराण्यांनी प्रभू येशूचा स्वीकार केला त्यांपैकी पुष्कळांपुढे हा पेच आला: वतन सोडावे तर पोटाचे काय, आणि न सोडावे तर मनाचे काय? आपल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टींत हा पेच ज्याने ऐकला नाही असा वाचक या पत्राला विरळाच असेल.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात जे वतन विधेयक मांडले त्याची आठवण येथे केली पाहिजे, कारण ते निव्वळ मोडून टाकण्याचे विधेयक नव्हते. ज्यांस चाकरीतून मोकळे व्हावयाचे असेल त्यांनी जमिनीचा पूर्ण सारा भरून ती आपल्याकडे ठेवावी व चाकरीतून सुटावे. ज्यांस चाकरी करावयाची असेल त्यांचे बलुते रोख रकमेत ठरवून ते साऱ्याबरोबर वसूल व्हावे. असा त्याचा आशय होता. म्हणजे जुने काम जावे, नवे यावे, पण मधल्या काळात कोणाचे पोट मारले जाऊ नये, अशी त्यात तजवीज होती. तेव्हा त्या विधेयकास इतका विरोध झाला की १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून, रद्द झाली. विधेयक मांडल्यापासून एकतीस वर्षे लोटली, आणि तेवढ्यात एक पिढी जुन्या जोखडातच म्हातारी झाली. हे सांगण्याचा हेतू एवढाच की, बदल उशिरा करणे हेही निर्दोष नसते. जो बदलास अडवून धरतो त्याने कोणाचे नुकसान केले नाही असे कोणी समजू नये.

आज बलुते नाही. चेलाडी फाट्यावर पहाटे उभे राहिले म्हणजे आजची रीत दिसते. वेल्ह्याच्या खोऱ्यातून मोटारसायकलींवर तरुण येतात. कोणी खेड-शिवापूरच्या बाजूस जातो, कोणी शिरवळच्या कारखान्यांकडे. त्यांस कोणी बांधून ठेवलेले नाही. जात विचारून कोणी त्यांस साच्यापाशी उभे करीत नाही, निदान उघडपणे तरी नाही. ज्यांच्या आज्याने वेशीवर पहारा केला त्यांची नात आज फॅक्टरीत तपासनीस आहे, हे मी डोळ्यांनी पाहतो व देवाचे आभार मानतो. परंतु सहा-सात महिने झाले की ठेकेदार ब्रेक देतो, आणि तो ब्रेक पुष्कळदा मोबाइलवरील एका ओळीने कळतो. बलुत्यात कोणाला जाता येत नव्हते व कोणाला काढताही येत नव्हते. आता कोणीही जाऊ शकतो, आणि कोणालाही एका सकाळी काढता येते. जुन्या व्यवस्थेकडे परत जावे असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. मी तर मुळीच म्हणणार नाही. मोकळीक तर राहावी, पण त्या सकाळचा क्रूरपणा जावा, असे काही करता येईल काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

योसेफाची कथा आपण रविवारच्या शाळेत मुलांस मोठ्या आवडीने सांगतो. सात वर्षे सुबत्ता व सात वर्षे दुष्काळ येणार, हे योसेफाला देवाने कळविले. त्याने फारोला सांगितले. धान्याचा पाचवा हिस्सा कोठारांत साठविला गेला आणि मिसर देशाचा जीव वाचला. येथे आपण गोष्ट थांबवितो. पण उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय पुढे वाचावा. दुष्काळात लोकांनी धान्यासाठी प्रथम पैसा दिला, तो संपल्यावर गुरेढोरे दिली, आणि शेवटी जमिनी व स्वतःचे देहसुद्धा फारोला विकले. जी गोष्ट राजवाड्यात सात वर्षे आधी माहीत होती ती नांगर धरणाऱ्या मिसरी कुणब्यास कोणी सांगितली होती काय? शास्त्रात तसे लिहिलेले नाही. सांगितली असती तर त्याने आपल्या घरी एक कणगी वेगळी भरून ठेवली नसती काय? योसेफासारख्या भक्तास दोष देण्याची माझी योग्यता नाही, आणि त्याने कित्येकांचे प्राण वाचविले हे लोकांनी स्वतःच म्हटले आहे. तरी एवढे दिसते की, आधी मिळालेले ज्ञान एकाच कोठारात राहिले तर ते जीव वाचविते आणि त्याबरोबर माणसे दासही करते.

त्याच मिसर देशात पुढे योसेफाच्या वंशजांवर विटा थापण्याची पाळी आली. निर्गमच्या पाचव्या अध्यायात फारोने एका दिवसात कामाची रीत बदलली. विटांसाठी लागणारा भुसा देणे त्याने बंद केले. तो मजुरांनी रानोमाळ हिंडून गोळा करावा, आणि विटांची संख्या मात्र जितकी होती तितकीच राहावी. मोशे ज्या दिवशी बोलला त्याच दिवशी हा हुकूम सुटला, हे शास्त्रकर्त्याने नोंदून ठेवले आहे. वीटभट्टीवर काम केलेल्या आपल्या बंधूंस हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. आजही जेथे माणसे निम्मी होतात व कामाचा आकडा तोच राहतो, तेथे तो फारो जिवंत आहे.

मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण आपल्या लोकांस जवळचे आहे. घाटावरील कित्येक घरांतून माणसे तेथे गेली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि तो आजपर्यंत रीतसर मागे घेतला गेलेला नाही. त्या संपाविषयी मते भिन्न आहेत. पुढाऱ्यांनी परतीची वाट ठेवली नाही, असे मला वाटते. आणि कामगारांच्या मागण्या अन्यायाच्या नव्हत्या, असेही वाटते. परंतु आपल्या प्रश्नास लागू पडणारी गोष्ट निराळी आहे. भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमाग वाढत होते, कित्येक गिरण्यांतील यंत्रे जुनी झाली होती, आणि गिरणी चालविण्यापेक्षा तिच्याखालची जमीन अधिक मोलाची होत चालली होती. हे हिशेबाच्या वह्या पाहणाऱ्यास दिसत होते. साच्यावर उभा असलेल्यास दिसत नव्हते. तो पगार व बोनस यांसाठी लढत होता, आणि ज्या जागेसाठी तो लढत होता ती जागाच पायाखालून सरकत होती. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी झाली. वेळीच दोन्ही बाजूंनी वह्या उघडून बोलणे झाले असते तर गिरण्या वाचल्याच असत्या, असे मी म्हणत नाही. पण दहा वर्षे आधी कळले असते तर पुष्कळांनी मुलांस दुसरे काम शिकविले असते, गावची जमीन विकली नसती, किंवा निदान कर्ज काढून संप लढविला नसता.

याच मुंबईत त्यापूर्वी एक बदल बऱ्या रीतीने झाला होता, तोही सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. आठवड्यातून एक दिवस सुटी ही त्यातील एक मागणी होती. मालक प्रथम राजी नव्हते. पुढे १० जून १८९० रोजी मालकांच्या सभेने रविवारची सुटी मान्य केली. सुटीने गिरण्या बुडाल्या नाहीत. शब्बाथाच्या विसाव्याविषयी उपदेश आपण करीत होतो, आणि तो विसावा लाखो मजुरांस मिळवून देण्यासाठी झटणारा मनुष्य सत्यशोधक होता, हे आपण नम्रपणे लक्षात ठेवावे.

आता कोणी म्हणेल की, आधी सांगावे हे बोलणे सोपे आहे. कारखानदाराने सहा महिने अगोदर सांगितले की अमुक खाते बंद होणार, तर कामगार मन लावून काम करणार नाहीत, चांगले कारागीर सोडून जातील आणि शेजारच्या धंद्यास आपले गुपित कळेल. ही अडचण खोटी नाही. परंतु सर्व ऋणे फेडताना काही ना काही तोटा होतोच. तोटा होतो म्हणून ते ऋण नाही असे होत नाही. शिवाय सरकारच्या कायद्यानेही हे तत्त्व फार पूर्वी मान्य केले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामाच्या ठरलेल्या शर्ती बदलण्यापूर्वी एकवीस दिवसांची सूचना द्यावी असे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, आणि तिच्यातही ती एकवीस दिवसांची मुदत कायम आहे. ज्या कामगारास कमी केले जाईल त्याच्यासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम नवे कसब शिकण्याच्या निधीत भरावी, अशीही आता तरतूद आहे. कामगारास नेमणूकपत्र मिळालेच पाहिजे हा नियमही त्याच दिवसापासून लागू झालेल्या दुसऱ्या एका संहितेत आहे. धर्मशिक्षक बंधूंनी आपल्या मंडळीतील तरुणांस एवढे तरी अवश्य विचारावे की, तुझ्या हाती नेमणूकपत्र आहे काय? प्रार्थनेनंतर हा प्रश्न विचारल्याने प्रार्थनेस उणेपणा येत नाही.

एकवीस दिवस! मी हा आकडा वाचला तेव्हा माझ्या ट्रेमधील रोपांचे दिवस मोजले. कायदा भाताच्या बांधावर येत नाही. तेथे धनीही आपण आणि न्यायाधीशही आपणच. आणि येथे आपल्या मंडळ्यांस एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. आपण स्वतःस मजूर समजतो व उपदेशातील धन्याविषयीचे शब्द ऐकताना मान डोलावतो. पण वेल्हे-भोरच्या खोऱ्यातील मनुष्य आषाढात धनी असतो आणि पौषात मजूर. शिरवळच्या ठेकेदाराने पगार पंधरा दिवस लांबविला म्हणून जो संतापतो, तोच आवणीच्या बायकांस, भात विकल्यावर देतो, असे म्हणतो. फॅक्टरीच्या फाटकावर जो न्याय आपणांस हवा आहे तो आपल्या बांधावर आपण देतो काय? द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी दिवसातून पाच वेळा स्वतः बाजारात गेला आणि दिवस मावळू लागला तेव्हाही, रिकामे का उभे आहात, असे त्याने स्वतः विचारले. आपण त्या दाखल्यात मजुरीचाच हिशेब फार करतो. त्या धन्याच्या पायपिटीकडे आपले लक्ष जात नाही. त्याने ठेकेदारास पाठविले नव्हते.

मजुराकडेही ऋण आहे, हे न सांगता पुढे जाणे योग्य होणार नाही. उचल घेऊन दुसऱ्याच्या कामास जाणारा, नवी नोकरी पक्की झाल्यावरही धन्यास न सांगता पहाटे नाहीसा होणारा, यासही आधी कळलेले असते. पौलाने ओनेसिमाला फिलेमोनाकडे परत पाठविताना जे पत्र दिले त्यात त्याचे जे काही देणे असेल ते माझ्या नावे मांड असे लिहिले. ते देणे नाहीच असे लिहिले नाही. आणि नवे काम शिकण्याविषयी आपल्यात जो एक संकोच आहे, माझ्या बापाने हे केले नाही, माझ्या वयाला हे शोभत नाही, तो टाकला पाहिजे. संहितेतील पुष्कळ गोष्टी ठेक्यावरील तरुणापर्यंत पोहोचण्यास वेळ लागेल. शिकलेले कसब मात्र त्याच्या हातातून कोणी काढून घेत नाही. तरीही दोन्ही ऋणे सारखी आहेत असे मला म्हणवत नाही. मजूर जातो तेव्हा धन्याचे एक काम अडते. धनी काढतो तेव्हा मजुराची चूल अडते. आणि बदल ठरविणारा बहुधा धनीच असल्यामुळे आधी कळण्याचा मानही त्याचाच असतो.

आणखी एका मोहाविषयी लिहितो, कारण तो सध्या आपल्या भागात वाढत आहे. काम कमी झाले की दोष बाहेरच्यांवर जातो: बिहारचे आले, ओडिशाचे आले, त्यांनी आमचे काम नेले. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरातील देमेत्रिय सोनाराची हकिकत आहे. पौलाच्या उपदेशाने चांदीची देव्हारी खपेनाशी झाली; म्हणजे तेथे सुवार्तेनेच लोकांचा धंदा बदलला होता, हे आपण मान्य केले पाहिजे, आणि त्या कारागिरांच्या पोटाची चिंता खरी होती हेही. देमेत्रियाने कारागिरांस जमवून आधी नफ्याचे बोलणे काढले व मग देवीच्या मानाचे. थोड्याच वेळात सारे शहर देवीच्या नावाने ओरडू लागले, आणि त्यांतील बहुतेकांस आपण कशासाठी जमलो हेच ठाऊक नव्हते. नफ्याची गोष्ट मानाच्या गोष्टीखाली झाकली गेली. फाट्यावरील कोणी पुढारी परप्रांतीयांविरुद्ध ओरडू लागला की त्याला शांतपणे विचारावे: ब्रेक कोणी दिला? ठेका कोणाच्या नावे आहे? कित्येकदा ठेका त्या पुढाऱ्याच्याच मेहुण्याच्या नावे निघतो.

माझ्या खाचरांविषयी एवढे सांगून पुरे करतो. पुढल्या वर्षी बी पेरण्याच्या आधी मी त्या सातजणींस बोलावून सांगितले की, यंत्र यंदाही येणार आहे. माती चाळणे, ट्रे भरणे, पाणी घालणे, आणि यंत्र गेल्यावर कोपरे व नांगे भरणे, एवढे काम हाताने करावे लागेल. ते तीन बायकांस पुरेल, सातांस नाही. यंत्राने वाचलेल्या मजुरीतून काही भाग उरलेल्या चौघींस द्यावा काय, याविषयी घरात वाद झाला. माझ्या पत्नीचे म्हणणे द्यावा. मुलाचे म्हणणे, न केलेल्या कामाचे पैसे दिले तर पुढल्या वर्षी कोणाकोणास देत बसणार? त्या वर्षी आम्ही दिले. दरवर्षी द्यावे की नाही याचा निर्णय अद्याप झालेला नाही, आणि मुलाच्या प्रश्नास मजजवळ पुरे उत्तर नाही. तिघी ट्रेचे काम शिकल्या व आता दुसऱ्यांच्या शेतावरही त्यासाठी जातात. तिघी विंझरच्या टोळीत गेल्या. राहिली ती वडील बाई. तिने ट्रेचे काम पत्करले नाही, आणि देऊ केलेले पैसेही घेतले नाहीत. "वाकून आवनी केली तवाचे द्या," एवढेच ती म्हणाली. आवणीच्या दिवशी मात्र ती बांधावर आली, यंत्राच्या ओळींमागून शेवटपर्यंत चालत गेली, जेथे रोप पडले नव्हते तेथे तिने एकेक रोप खोवले, आणि संध्याकाळी त्या कामाची मजुरी मोजून घेऊन घरी गेली.